गाणी सोडून सगळं

ही गोष्ट मी बायकोला कधी सांगितली नाही. ज्याच्याबरोबर ती फिल्म केली त्या शिरीषलाही नाही. गेल्या महिन्यात सोलापूरला जाऊन येईपर्यंत ती एकट्या मलाच माहीत आहे असं धरून मी चाललो होतो.

दोन हजार सालाच्या आसपास शिरीष आणि मी सोलापूरजवळच्या वळसंगात महादेवीआक्का नावाच्या बाईंच्या भजनावर एक फिल्म केली. कॅमेरा आणि दिग्दर्शन शिरीषचं, आवाज टिपण्याचं काम माझं. त्या फिल्ममध्ये गाताना दिसतात त्या आक्का. ऐकू येतो तो आवाज मात्र आक्कांचा नाही. तो त्यांच्या जावेचा, सुगलाबाईंचा आहे. सुगलाबाईंचं नाव फिल्मवर कुठेच नाही. ‘ध्वनी’ या शब्दापुढे माझं आहे.

झालं ते असं. रात्री गावात विजेचा भरवसा नव्हता म्हणून शिरीषनं आक्कांना भर दुपारी, देवळासमोरच्या अंगणात गायला बसवलं. “दिवसाढवळ्या कसलं भजन? देव शेतात गेलेला असतोय,” असं म्हणत त्या बसल्या. माझ्याजवळ छोट्या डिस्कवर आवाज घेणारं यंत्र होतं. डिस्क तेव्हा महाग. गाणं सुरू झालं की यंत्र चालू करायचं, संपलं की थांबवायचं, मधल्या गप्पा, खोकले, चहा यांवर डिस्क घालवायची नाही, ही आमच्या धंद्यातली तेव्हाची शिस्त. चालू करायला आणि थांबवायला बटण एकच. थांबलेलं असताना लाल दिवा उघडझाप करतो, चालू असताना स्थिर राहतो, एवढाच काय तो फरक. हेडफोनमध्ये आवाज दोन्ही वेळा येतो, आवाजाची पातळी दाखवणारा काटाही दोन्ही वेळा नाचतो. पेटीचा सूर लावत होते तेव्हा मी आवाज तपासायला यंत्र चालू केलं आणि बंद करायचं विसरलो. पहिलं गाणं सुरू झालं तसं बटण दाबलं. यंत्र थांबलं. गाणं संपलं, पुन्हा दाबलं. चालू झालं. उन्हात तो दिवा मला शेवटपर्यंत दिसला नाही. संध्याकाळी लॉजवर डिस्क लावली तर तिच्यावर सगळं होतं. फक्त गाणी नव्हती.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आला होता तो शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी आक्का.

मी शिरीषला सांगितलं असतं तर तो ओरडला असता आणि मग पुन्हा चित्रण करायला थांबला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी सांगितलं नाही. आसपासचे बारीकसारीक आवाज घ्यायचे राहिलेत असं खोटं सांगून मी पुढच्या आठवड्यात एकटा वळसंगला गेलो. आक्कांचा घसा बसला होता, डॉक्टरांनी गायला बंदी केली होती. त्यांच्या मागे जन्मभर साथीला बसणारी जाऊ घरात होती. पेटीवाल्या मास्तरांच्या घरी टीव्हीवर बरोबर नेलेली चित्रणाची प्रत लावली आणि सुगलाबाईंना म्हणालो, “आक्कांचा आवाज थोडा कमी आलाय, त्यांची ओळ आणि तुमची साथ दोन्ही भरून घेतो.” त्या टीव्हीत बघत गायल्या. आक्का कुठे श्वास घेतात, कुठे शब्द ओढतात, कुठे हसू दाबतात, सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. आधी आक्कांची ओळ गायल्या, मग स्वतःचीच साथ दिली. निघताना त्यांनी विचारलं, “माजं नाव येतंय का मग पाटीवर?”

“येईल की,” मी म्हणालो.

शिरीषनं चित्र-आवाजाची जुळवाजुळव करताना माझ्या पाठीवर थाप मारली होती, “काय आवाज पकडलायस!” पुढे एका छोट्या महोत्सवात आमच्या फिल्मच्या आवाजाचा खास उल्लेख झाला. ती ढाल माझ्या दुकानात काचेमागे आहे.

सोलापूर, शुक्रवार

चिपळूणहून सोलापूरला कसा पोचलो ते लिहीत नाही. घाट चढून वर आलं की हवा, माती आणि माणसाचा घसा क्रमाक्रमानं कोरडे होत जातात, एवढं पुरे.

मी चिपळुणात दुकान चालवतो. लोकांच्या लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेटी मोबाइलवर घालून देतो. सोलापूरहून फोन आला तो गिरिजाचा. गिरिजा ही महादेवीआक्कांची मुलगी, शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. फिल्म केली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आक्का त्यानंतर थोड्याच वर्षांत गेल्या. गिरिजा आणि तिचे मित्र महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या सभागृहात फिल्म दाखवतात. या वेळी त्यांनी ठरवलं होतं, दोन हजार सालाच्या आगेमागे आपल्या भागात झालेल्या आणि कुणीच न पाहिलेल्या फिल्म, माहितीपट, मैफिलींची चित्रणं दाखवायची. शेवटी आईची फिल्म. “सर, तुम्ही यायचंच. आणि तुमच्याकडं त्या काळातलं आणखी काय काय पडलं असेल ते घेऊन या.”

माझ्याकडे एक पत्र्याची पेटी भरून आहे. त्यातलं निवडक घेतलं. आणि अगदी शेवटी, दार लावता लावता, ती डिस्कसुद्धा घेतली. तिला चालवणारं यंत्रही घेतलं. का, ते तेव्हा धड माहीत नव्हतं.

गिरिजा स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. आईसारखी उंच, बोलताना हनुवटी पुढे करण्याची लकबही तीच. मला तिच्याकडे सरळ बघवेना. तिनं त्याचा अर्थ भूक असा लावला आणि थेट एका खाणावळीत नेलं.

इथे माझी पहिली फजिती झाली. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर ती म्हशीची. इथे ती मुद्दाम कडक करतात, पापडासारखी, थप्पीनं विकतात, महिनाभर टिकते म्हणून कौतुकानं पाहुण्याला बांधून देतात. ती चुरून, दही घालून, वर शेंगाचटणी घ्यायची असते हे मला कुणी सांगितलं नाही. मी सरळ चावा घेतला. दाढेतलं सिमेंट निघून ताटात पडलं.

“अहो सर, फोडायची असते की!” गिरिजा म्हणाली.

“भाकरी फोडायची की दाढ?”

खाणावळवाला आतून ओरडला, “पावणे कोकणातले काय ओ? त्यांना भात वाढ बे!”

भात आला. पण चटणी मी सोडली नाही. शेंगदाणे कुटता कुटता त्यांचं तेल सुटतं आणि लसूण-तिखट त्यात भिजून बसतं. दह्यात कालवली की जीभ पोळते आणि तरी बोट पुन्हा तिकडेच जातं. आमच्या नारळाला हे जमणार नाही.

दुपारी कॅसेटी तपासायला पूर्व भागात गेलो. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती, पाट्या मराठीत आणि घरातलं बोलणं तेलुगूत. तिथं गिरिजाचा मित्र श्रीनिवास राहतो. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो आणि या मंडळींचा प्रोजेक्टर सांभाळतो. त्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. खटखटीनं माझी छाती हादरायला लागली.

“थोडा वेळ बंद नाही का करता येणार? आवाज तपासायचाय,” मी म्हटलं.

“करता येईल की. डावीकडचा माझा काका आहे, बंद करेल. उजवीकडचा माझ्या काकाशी बोलत नाही. तो जास्त जोरात लावेल.”

तेव्हा मागाच्या तालावरच फिल्म पाहिल्या. पहिली होती सांगोल्याच्या टँकरवरची. शाळामास्तरांच्या एका टोळक्यानं केलेली. एकच टँकर भरतो, निघतो आणि शेवटच्या घागरीपर्यंत रिकामा होतो, बस्स. निवेदन नाही, संगीत नाही. पत्र्यावर पाणी आपटतं आणि बायका ड्रायव्हरची खेचतात. “दाजी, टँकर आनलाव का नुसता वास आनलाव?” असं एक म्हातारी म्हणते आणि तो बिचारा लाजून स्टेअरिंग पुसतो. आम्ही तिघं हसलो. तिचा शेवट मला आठवत होता त्याहून चांगला निघाला. पाइपातून थेंब थांबतात तरी एक बाई घागर धरून उभीच राहते, आणि कॅमेराही तिच्याबरोबर उभा राहतो.

दुसरा एक पूर्ण लांबीचा चित्रपट. माग दुरुस्त करणाऱ्या कामगाराचं प्रेम. एका थिएटरात एक आठवडा चालला आणि गायब झाला. याच भागात चित्रण झालेलं. कॅसेटला बुरशी लागून चित्रावर पांढरे पट्टे आले होते, तरी श्रीनिवास मधेच किंचाळला, “ते बघा, ते बघा, आमची आजी!” नायिका रडत गल्लीतून पळते आणि मागे ओट्यावर एक बाई विड्या वळत बसलेली आहे. नायिकेकडे ढुंकूनही बघत नाही. श्रीनिवासनं ते चित्र थांबवलं, घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. त्याची आई आली, टीव्हीला हात लावून नमस्कार केला आणि तेलुगूत काहीतरी बोलली. “म्हणतेय, इतक्या जवळून हिरोईन गेली आणि अम्मानं घरी कधी सांगितलं नाही,” श्रीनिवास म्हणाला.

तिसरी एका बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याची मैफल. लग्नं नसलेल्या दिवसांत त्यानं हौसेनं मंगल कार्यालयात केलेली. ऐकायला आलेले लोक इतके खोकतात की शेवटी तो वाद्य खाली ठेवून विचारतो, “आदी तुमचं होऊ देऊ का?” आणि मग जे वाजवतो, त्यावर कुणीही खोकत नाही.

या सगळ्या फिल्मांवर माझा फार जीव आहे. त्या काळी कॅमेरे नुकतेच हातात आले होते, कोण बघणार याचा विचार न करता माणसं मनातलं टिपत होती. वाईट एवढंच, की त्यांच्या प्रेमाच्या आड मी माझं लपवत आलो. पेटीत एवढं सारं असताना एका डिस्कबद्दल कोण विचारणार?

“आईची फिल्म तपासायला नको,” गिरिजा म्हणाली. “ती मला पाठ आहे. दरवर्षी आईच्या पुण्यतिथीला लावतो आम्ही. माझ्याकडं आईचा आवाज तेवढाच आहे, सर.”

मी वायरी गुंडाळत राहिलो.

वळसंग, शनिवार

सुगलाबाईंना रविवारचं निमंत्रण द्यायला गिरिजा निघाली, मला मागे बसवून. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

शहर सुटलं की जमीन एकदम पाठ टेकून आडवी होते. आमच्याकडे कुठेही बघा, नजर झाडावर किंवा डोंगरावर आपटून परत येते. इथे ती जात राहते. दोन्ही बाजूंना कणसांनी वाकलेली ज्वारी, मधे पाखरं हाकायला बांधलेल्या जुन्या कॅसेटच्या फिती. वाऱ्यावर त्या फुर्रर्र वाजत होत्या. गिरिजानं स्कूटर हळू केली. “बघा सर, तुमचा माल.” फितीत काय असेल कोण जाणे. पाखरं तरी भीत होती.

सुगलाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे, अंग बारीक झालेलं, कपाळावर भस्माचे पट्टे. गिरिजाला बघून “बर्री, बर्री” म्हणत उठल्या. या घरात स्वागत कानडीत होतं आणि भांडण मराठीत. मग माझ्याकडे बघत राहिल्या.

“काकू, ओळखलंत का?”

“न ओळखायला काय झालं? हे ते कानवाले.” हेडफोन लावून बसायचो म्हणून तेव्हा मला गावानं ठेवलेलं नाव. “कान कुटं ठेवलाव आज?”

गिरिजा आत चहा टाकायला गेली. मी आणि सुगलाबाई. मी शेंगा फोडायला घेतल्या, हातांना काहीतरी हवं होतं.

“सुगलाबाई, त्या फिल्ममध्ये…”

“मी हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हायती हाय मला. सोताचा आवाज कळत न्हाय व्हय मानसाला?”

“आणि आक्कांना?”

“आक्कानं बगितली की मास्तरांच्या घरी. मी म्हनलं आता काय म्हनतीय. गाणं संपलं आन माज्याकडं वळून म्हनली, ‘सुगले, मी इतकं बरं कवा गायले गं?’” त्या तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. “दोगी लई हसलो. मास्तर म्हने, भजनाला काय हसालाव!”

मला हसू आलं नाही. “पण तुम्ही गिरिजाला का नाही सांगितलं?”

“आक्का होती तवर गंमतच होती ती. मग आक्का गेली.” शेंगा फोडायच्या थांबल्या. “पोरगी ते लावती, रडती, आन वर मलाच म्हनती, ‘काकू, आई बगा कशी गायली.’ कुटल्या तोंडानं सांगू, की बाई, ती मी हाय म्हनून?”

“मी सांगणार आहे तिला.”

“न्हाय सांगायचं.” एवढ्या मऊ बाईचा आवाज एकदम सुरीसारखा झाला. “तिला आई तेवडीच हाय. ती बी काडून घेता व्हय? तुमाला हलकं वाटंल. तिचं काय?”

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. इतकी वर्षं मी फक्त माझ्या ओझ्याचा विचार करत होतो. मग मी त्यांना डिस्कबद्दल सांगितलं. गाणी नाहीत, पण आक्का आहेत. दोन गाण्यांच्या मधल्या. बोलणाऱ्या.

सुगलाबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली. “काय बोलती त्यात?”

“बरंचसं तुम्हाला ओरडतात.”

“व्हय?” चेहरा उजळला. “काय म्हनती?”

“टाळ हळू वाजव म्हणून.”

“शेवटपातूर तेच! मास्तरांची पेटी बेसूर, आन म्हने माजा टाळ मोटा.” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “मग असं करा. आदी ते ऐकवा पोरीला. मग सांगा. आदी द्यायचं, मग घ्यायचं.”

तेवढ्यात गिरिजा चहा घेऊन आली. “काय चाललंय दोघांचं?”

“कानवाल्यास्नी शेंगा फोडायला शिकवालेय. येत न्हाय त्यांना.”

जेवायला हुग्गी होती, गव्हाची दाट खीर, गुळाची, वर तुपाची धार. सुगलाबाई वाढत राहिल्या. आमच्याकडे पाहुणा पुरे म्हणाला की पुरे. इथे पुरे म्हणणं हा भूक लागल्याचा पुरावा धरतात.

सोलापूर, रविवार

सकाळी गिरिजाच्या घरी गेलो. मी कधी कुणाला काही स्पष्ट बोललेला माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून ‘डोकं दुखतंय’ एवढं काढायलाही चार प्रश्न लागतात. तेव्हा मी सरळ यंत्र टेबलावर ठेवलं, डिस्क घातली, म्हणालो, “तुमच्या आईंचं आहे. गाणी नाहीत.”

आधी खरखर. पेटीचा एक सूर लांबत गेला. मग आक्का, अगदी जवळ, माझ्या माइकपासून हातभरावर. “ए सुगले, टाळ हळू वाजव की गं. माज्या कानात घुसालाय.” मागे बायका हसल्या. “ह्या कानवाल्याला च्या दिला का न्हाय कुनी? बगा कसं वाळलंय ते.” खोकल्या. पाणी प्यायल्याचा आवाज, तांब्या खाली ठेवल्याचा. कानडीत कुणालातरी चार शब्द. मग गाणं उचललं, पहिल्या अक्षराचा अर्धा आकार लागला, आणि खट्. तिथं मी बटण दाबलं होतं.

पुन्हा खरखर. गाणं संपल्यावरचा श्वास, धापेसारखा. “दमले बाई.” आणि मग एकदम वेगळ्या सुरात, लांब बघून बोलल्यासारखं: “गिरे! उनात उबारू नको गं. सावलीत ये. हिकडं ये, माज्यामागं बस.”

गिरिजा खुर्चीवरून उठली. उभी राहिली. कुठे जायचं ते तिला कळेना, तशीच उभी.

“परत लावा,” ती म्हणाली.

लावलं. परत लावलं. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचा तो अर्धा आकार आला, तुटला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आईचा आवाज जाड होता. फिल्ममध्ये असा नाही.” मग माझ्याकडे वळून, “सर, फिल्ममध्ये असा का नाही?”

तिनंच विचारलं म्हणून मला सांगता आलं. बटण, दिवा, शिरीष, मास्तरांचा टीव्ही, सगळं. मधे थांबलो नाही. माझ्या आयुष्यात मी सलग इतकं बोललेलो नाही.

ती ओरडली नाही. ते सोपं गेलं असतं. खिडकीशी जाऊन म्हणाली, “दर वर्षी मी काकूसमोर बसून रडायचे. आणि काकू तेव्हा पानं वाढत असायची.” नंतर, “तुम्ही इतकी वर्षं हे पेटीत ठेवलंत? आईनं मला सावलीत बोलावलेलं?”

चूक माझी जुनी होती. पण हे रोज नव्यानं घडत आलं होतं. ती डिस्क पुरावा म्हणून लपवताना मी एका मुलीची आई लपवतोय हे मला सुचलंच नव्हतं.

“आज फिल्म दाखवायची का?” मी विचारलं.

“दाखवायची. पण आधी तुम्ही बोलायचं. मी नाही बोलणार.”

सभागृह भरलं होतं. वळसंगहून जीप करून माणसं आली होती, सुगलाबाई पहिल्या रांगेत, नव्या इरकलीत. टँकरच्या फिल्मला सांगोल्याकडची दोन माणसं उठून ड्रायव्हरला नावानिशी हाका मारत होती. श्रीनिवासची आजी पडद्यावर आली तेव्हा त्याच्या सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या आणि नायिकेचं रडणं ऐकू आलं नाही. मग श्रीनिवासनं दिवे लावले. मी पुढे गेलो.

“आता जी फिल्म बघाल, तिच्यात दिसतात महादेवीआक्का. आवाज त्यांचा नाही. आवाज सुगलाबाईंचा आहे. माझ्या हातून आक्कांची गाणी टिपायची राहिली, आणि मी ते लपवलं. सुगलाबाईंना मी नाव देतो म्हटलं होतं. दिलं नाही.”

एवढंच. मागून कुणीतरी म्हणालं, “मग त्या बाई आल्यात का?” सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. सुगलाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि आतून म्हणाल्या, “दिवा घालवा की ओ लवकर.”

दिवे गेले. देवळाचं अंगण, ऊन, आक्का. आणि सुगलाबाईंचा तो तरुण, उंच, ओला आवाज. सुगलाबाई आल्यापासून गिरिजा त्यांच्याशी बोलली नव्हती. मी बाजूच्या भिंतीशी उभा होतो, मला दोघी दिसत होत्या, मधे एक खुर्ची रिकामी. दुसऱ्या गाण्याला गिरिजा उठली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. डोकं खांद्याला टेकलं की नाही ते अंधारात नीट दिसलं नाही. पण तिचा आवाज ऐकला.

“काकू, म्हणा की.”

“आता कुटलं म्हनालीस? दात न्हाईत, नुसता वारा जातोय.”

“साथ तरी द्या.”

पडद्यावर आक्कांनी ओळ संपवली. आणि पहिल्या रांगेतून, अगदी हळू, फाटक्या कापडासारख्या आवाजात, सुगलाबाईंनी तीच ओळ मागून उचलली. जन्मभराची सवय. पुढे आक्का, मागे त्या. फरक इतकाच, की पुढचा आवाजही त्यांचाच होता. पुढच्या ओळीला वळसंगच्या दोन बायका त्यांच्यात मिसळल्या. शेवटच्या गाण्यापर्यंत निम्मं सभागृह साथ देत होतं. मी कानांवर हात ठेवून ऐकत होतो, पूर्वी हेडफोन दाबून धरायचो तसा.

निघताना सुगलाबाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. “त्यातलं आक्का मला वरडती तेवडंच हिच्यात घाला. बाकीचं पोरीला ऱ्हाऊ दे.” घालून दिलं. जीप सुटेपर्यंत त्या ते कानाला लावून बसल्या होत्या, आणि पुन्हा पुन्हा “बग, बग” म्हणत शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या.

गिरिजा स्टँडवर सोडायला आली. कडक भाकरीची थप्पी आणि शेंगाचटणीचा डबा पिशवीत घातला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलं नाही. “चुरून खा,” एवढंच म्हणाली.

चिपळूणला येऊन महिना झाला. इंटरनेटवर जी फिल्म आहे ती शिरीषनं टाकलेली आहे, ती तोच बदलू शकतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून त्याला फोन केलेला नाही. हे लिहून झाल्यावर करणार आहे. तोपर्यंत फिल्मच्या शेवटी ‘ध्वनी’पुढे माझं नाव आहे आणि ‘गायन’ या शब्दापुढे सुगलाबाईंचं नाही. ते मी द्यायचं आहे, आणि त्या ऐकू शकतात तोवर द्यायचं आहे.